पहिला कागद

जिल्हा न्यायालयासमोर माझे टंकलेखनाचे छोटे दुकान होते. प्रतिज्ञापत्रे, भाडेकरार, खरेदीखते टाइप करायची आणि मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर करून द्यायचे, हा व्यवसाय. मी कायद्याची पदवी घेतलेली नाही. जे काही शिकलो ते आधी लोकांचे कागद वाचून आणि पुढे हट्टाने पुस्तके मिळवून. साधारण वीस वर्षांपूर्वी एका दुपारी, एका वकीलसाहेबांच्या ओळखीने, तिशीच्या आतबाहेरची एक बाई दुकानात आली. चेहरामोहरा आपल्याकडचा, पण मराठीचा एक शब्द येत नव्हता. लहानपणी ती आपल्याकडून दत्तक गेली होती आणि युरोपात वाढली होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या काही झेरॉक्स प्रती तिने माझ्यापुढे ठेवल्या.

त्यातला एक कागद इंग्रजी होता, न्यायालयाचा पालकत्वाचा आदेश. मूल टाकून दिलेले असून आईवडिलांचा ठावठिकाणा नाही, असे त्यात म्हटले होते. दुसरा कागद अर्ध्या पानाचा, मराठी, हाताने लिहिलेला. कुठल्याशा नोंदवहीतून उतरवलेला. तो तिला आजवर कोणी वाचून दाखवला नव्हता. त्यावर चारच ओळी होत्या. मुलगी पाच महिन्यांची, अंगात हिरवे झबले, आई स्वतः घेऊन आली, आणि शेवटची ओळ : 'घरची अडचण सांगते. दिवाळी झाल्यावर येऊन नेईन म्हणाली.'

मी भाषांतर करून दिले. तिने ते दोनदा वाचले आणि विचारले, "म्हणजे मला टाकलेले नव्हते?"

मला उत्तर देता आले नाही. आई दिवाळीनंतर आली होती का, आली तेव्हा मूल गेलेले होते का, की ती आलीच नाही, हे त्या कागदांवरून कळण्यासारखे नव्हते. कळत होते ते इतकेच, की दोन कागदांत एकाच मुलीच्या दोन हकिकती होत्या आणि न्यायालयापर्यंत त्यातली एकच पोचली होती.

तेव्हापासून हा विषय माझ्या मागे लागला. एका देशातले मूल दुसऱ्या देशातल्या घरात जाते, तेव्हा कोण काय तपासते? त्यासाठी देशांनी आपसांत कोणते करार केले आहेत? ते करार कुठवर पुरे पडतात आणि कुठे हात टेकतात? गेल्या काही वर्षांत जे वाचले, समजले, ते वाचकांपुढे ठेवतो.

घरासाठी मूल

महाराष्ट्राला दत्तक हा शब्द नवा नाही. १८४८ साली इंग्रजांनी दत्तक नामंजूर करून साताऱ्याचे राज्य खालसा केले, हे शाळेत सगळेच शिकतो. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव १८७५ साली बडोद्याला दत्तक गेले आणि सयाजीराव महाराज झाले. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरला दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले.

या दत्तकांत गरज असायची ती घराण्याची. गादीला वारस हवा, पितरांना पाणी द्यायला कोणी हवे, उतारवयात आधार हवा, म्हणून मूल शोधायचे. मूल कोणाचे, कुठल्या गावचे, हे सर्वांना ठाऊक असायचे. जन्मदात्याने चारचौघांत द्यायचे आणि घेणाऱ्याने चारचौघांत घ्यायचे. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम म्हणजे याच रीतीचे कायद्यातले रूप. त्यात बौद्ध, जैन, शीखही येतात. पण देणारा, घेणारा आणि मूल या तिघांनीही त्या व्याख्येत बसावे लागते.

साहजिकच परदेशी ख्रिस्ती दाम्पत्याला या कायद्याने भारतातले मूल दत्तक घेता येत नसे. मग वाट निघाली ती १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमातून. परदेशी जोडप्याने इथल्या न्यायालयाकडून मुलाचे पालकत्व मिळवायचे, मूल देशाबाहेर न्यायची परवानगी घ्यायची आणि मायदेशी पोचल्यावर तिथल्या कायद्याने दत्तकविधान पुरे करायचे. म्हणजे विमानात बसताना ते मूल भारतीय कायद्याच्या दृष्टीने कोणाचेच दत्तक नसे, नुसते पाल्य असे. माझ्याकडे आलेल्या बाईचा इंग्रजी कागद याच जातीचा होता. सर्वधर्मीयांसाठी दत्तकाचा एकच कायदा करावा म्हणून १९७२ आणि १९८० साली संसदेत विधेयके आली, पण त्यांचा कायदा झाला नाही.

युद्ध, अनाथ आणि मागणी

मुलांना मोठ्या संख्येने एका देशातून दुसऱ्या देशात दत्तक देण्याची प्रथा दुसऱ्या महायुद्धानंतरची. तिला खरा वेग आला तो १९५० ते १९५३ च्या कोरियन युद्धानंतर. दक्षिण कोरियातून सुरुवातीला युद्धातली अनाथ मुले आणि परदेशी सैनिकांपासून झालेली मुले अमेरिकेत गेली. युद्ध संपले, देश सावरला, तरी ओघ थांबला नाही. पुढच्या काही दशकांत तिथून दत्तक गेलेल्या मुलांचा आकडा सर्वसाधारणपणे दोन लाखांच्या घरात धरला जातो. आपल्या शेजारी बांगलादेशाने मुक्तियुद्धातल्या अत्याचारांतून जन्मलेल्या बालकांसाठी १९७२ साली खास आदेश काढला आणि त्यातली काही मुले कॅनडासारख्या देशांत गेली.

या काळात श्रीमंत देशांत एक बदल होत होता. संततिनियमनाची साधने सहज मिळू लागली, गर्भपात कायदेशीर झाला, कुमारी मातेने मूल स्वतःजवळ ठेवणे समाजाने स्वीकारले. परिणामी तिथे दत्तक द्यायला तान्ही मुले उरली नाहीत. मूल हवे असलेल्या जोडप्यांची रांग मात्र वाढत गेली. ती रांग मग कोरिया, कोलंबिया, श्रीलंका, भारत, पुढे रुमानिया, रशिया, चीन अशी वळत राहिली. २००४ साली, म्हणजे ही लाट सर्वांत उंच होती तेव्हा, एका वर्षात सुमारे ४५ हजार मुले देशांच्या सीमा ओलांडून दत्तक गेली.

यातल्या कितीतरी मुलांना उत्तम घर मिळाले, हे आधी स्वच्छ सांगितले पाहिजे. दत्तक घेणारी बहुतेक माणसे चांगल्या मनाची होती. पण जिथे एका बाजूला पैसा आणि घाई असते आणि दुसऱ्या बाजूला गरिबी, तिथे मधल्या माणसाला मोकळे रान मिळते. रुग्णालयातला दलाल, संस्थेचा चालक, वकील, नोटरी, यांच्यासाठी मूल हा व्यवहार होऊ शकतो. करारांची गरज पडली ती इथे.

एका वकिलाचे पत्र

आंतरराष्ट्रीय करार व्हायच्या जवळजवळ दशकभर आधी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाला हात घातला होता. भारतीय मुले परदेशी दत्तक देण्यातल्या गैरप्रकारांबद्दल लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी न्यायालयाला पत्र लिहिले. १९८२ साली त्या पत्रालाच जनहित याचिका मानण्यात आले आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी सविस्तर निकाल दिला. संसदेने कायदा केलेला नव्हता, म्हणून न्यायालयाने स्वतःच नियमावली घालून दिली.

त्यातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, मुलासाठी आधी भारतातच घर शोधायचे. दुसरी, परदेशी जोडप्याने थेट येऊन मूल न्यायचे नाही. त्यांच्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेने त्यांच्या घराची चौकशी करून अर्ज पाठवला पाहिजे आणि इथल्या न्यायालयाने तो त्रयस्थ तपासणी संस्थेकडून पडताळून घेतला पाहिजे. तिसरी मला सर्वांत मोलाची वाटते. मूल जन्मण्याआधी किंवा जन्मानंतर तीन महिने होईपर्यंत आईवडिलांना मूल देण्याचा निर्णय घ्यायला लावू नये, घेऊही देऊ नये. बाळंतीण बाई अडचणीत असते, घाबरलेली असते, एकटी असते. तिचा त्या दिवशीचा अंगठा हा विचारपूर्वक दिलेली संमती नव्हे, हे न्यायालयाने ओळखले.

पुढे १९९० साली केंद्र सरकारने या कामासाठी जी यंत्रणा उभी केली, तीच आजचे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे 'कारा'.

हेगचा करार काय सांगतो

नेदरलँड्समधल्या हेग शहरात निरनिराळ्या देशांच्या खासगी कायद्यांचा मेळ घालणारी एक जुनी आंतरराष्ट्रीय परिषद आहे. लग्न, वारसा, मुलांचा ताबा अशा बाबतींत एका देशाचा निर्णय दुसऱ्या देशात चालावा, हे तिचे काम. दत्तकाबद्दल तिने १९६५ साली एक करार केला होता, पण ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि ब्रिटन या तिघांनीच तो स्वीकारला. तिघेही मुले घेणारे देश. देणारा एकही देश त्यात नव्हता, त्यामुळे त्याचा उपयोग झाला नाही.

१९८९ साली संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार आला. त्याच्या एकविसाव्या कलमाने सांगितले, की दत्तकात मुलाचे हित सर्वांत वर राहील आणि मायदेशात योग्य सोय होत नसेल तरच परदेशाचा विचार होईल. या तत्त्वांना कामकाजाची चौकट दिली ती २९ मे १९९३ च्या हेग दत्तक कराराने. देणारे आणि घेणारे असे शंभराहून अधिक देश आज या करारात आहेत. भारताने तो २००३ साली स्वीकारला आणि १ ऑक्टोबर २००३ पासून आपल्यावर तो बंधनकारक झाला. अमेरिकेत तो १ एप्रिल २००८ पासून लागू आहे.

मूल कसे मिळवावे हे सांगण्यासाठी हा करार आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वाचून पाहिला तर तो प्रश्नांचा क्रम लावून देतो, असे दिसते. जुन्या पद्धतीत पहिला प्रश्न असायचा, 'या जोडप्याला मूल हवे आहे, कुठे मिळेल?' कराराने तो मागे ढकलला आणि मुलाला पुढे घेतले.

पहिला प्रश्न : या मुलाला परक्या देशातल्या घराची खरोखर गरज आहे का? आधी मुलाचे स्वतःचे कुटुंब, ते शक्य नसेल तर त्याच देशातले दुसरे कुटुंब, तेही मिळाले नाही तर परदेशी कुटुंब, असा क्रम आहे. आपल्या २०१५ च्या बालन्याय अधिनियमात हा क्रम दिवसांत मोजून दिला आहे. मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मोकळे घोषित झाल्यापासून साठ दिवसांत भारतीय किंवा अनिवासी भारतीय पालक मिळाले नाहीत, तर ते परदेशी दत्तकासाठी खुले होते. अपंग मुले, भावंडे आणि पाच वर्षांवरील मुले यांच्यासाठी या वाटेत थोडी सवलत आहे, कारण त्यांना इथे घर मिळणे अवघड जाते.

दुसरा प्रश्न : संमती खरी आहे का? करारानुसार संमती मोकळेपणाने, परिणाम समजून, लेखी दिलेली हवी. पैसे किंवा मोबदला देऊन मिळवलेली नको. आणि आईची संमती मूल जन्मल्यानंतरचीच हवी. मूल कळते असेल, तर त्याचेही म्हणणे विचारात घ्यायचे. आपल्याकडे मूल समर्पित करणाऱ्या आईवडिलांना बालकल्याण समितीसमोर सही केल्यावरही फेरविचारासाठी दोन महिने मिळतात.

तिसरा प्रश्न : घेणारे घर योग्य आहे का? हे ठरवायचे घेणाऱ्या देशाने. मुलाला तिथे येऊन कायम राहता येईल, याची हमीही त्यानेच द्यायची.

चौथा प्रश्न पैशाचा. दत्तकाच्या कामातून कोणी गैरवाजवी कमाई करायची नाही. खर्च आणि वाजवी मेहनताना, इतकेच घेता येते.

हे सगळे पाहण्यासाठी प्रत्येक देशाने एक केंद्रीय प्राधिकरण नेमायचे असते. आपले 'कारा' हे ते प्राधिकरण. मूल ठरावीक पालकांकडे सोपवण्याआधी दोन्ही देशांच्या प्राधिकरणांनी 'पुढे जायला हरकत नाही' असे म्हणावे लागते. बँकेचे लॉकर जसे ग्राहकाची आणि बँकेची अशा दोन किल्ल्या लागल्याशिवाय उघडत नाही, तशी ही व्यवस्था आहे. दोन्ही प्राथमिक तपासण्या होईपर्यंत इच्छुक पालकांनी मुलाच्या जन्मदात्यांना भेटायचेही नाही; नात्यातले दत्तक असेल तर गोष्ट वेगळी. सगळे नियमाप्रमाणे झाले, की प्रमाणपत्र मिळते आणि करारातल्या इतर सर्व देशांत ते दत्तक आपोआप मान्य होते. प्रत्येक देशात पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. पालकत्वाच्या आदेशावर अधांतरी प्रवास करणाऱ्या जुन्या मुलांच्या मानाने ही फार मोठी सुरक्षितता आहे. अमेरिकेत गेलेल्या काही जुन्या दत्तक मुलांचे नागरिकत्वाचे कागद कोणी पुरे केले नाहीत. मोठेपणी गुन्ह्यात सापडल्यावर त्यांना भाषाही न येणाऱ्या जन्मदेशात परत धाडण्यात आले. त्यांत भारतात जन्मलेलेही होते.

करार कुठे थांबतो

हेग कराराने काय साधले, याचे ठळक उदाहरण ग्वाटेमालाचे. मध्य अमेरिकेतल्या या लहानशा देशात दत्तकाचे काम न्यायालयाऐवजी नोटरींच्या हाती होते. २००७ या एका वर्षात तिथून सुमारे ४,७०० मुले अमेरिकेत गेली. मुले पळवल्याच्या आणि आयांना पैसे दिल्याच्या तक्रारी वाढत होत्या. त्या वर्षाअखेरीस कराराला धरून नवा कायदा झाला आणि नोटरींच्या हातचे हे काम गेले. परदेशी दत्तकाचा तो पूर बघता बघता ओसरला. मुले खरोखर निराधार होती म्हणूनच ती जात होती, असे असते तर चौकशी सुरू झाल्यावर आकडा इतका कोसळला नसता.

पण आपल्याकडचा अनुभव दुसरी बाजू दाखवतो. १९८४ चा निकाल होऊन पंधरा वर्षे झाल्यावरही आंध्र प्रदेशात, आजच्या तेलंगणाच्या भागात, लंबाडा तांड्यांवरच्या गरीब आयांकडून थोडक्या पैशांत तान्ह्या मुली घेतल्याची प्रकरणे १९९९ आणि २००१ साली उघडकीला आली. लंबाडा म्हणजे आपल्याकडच्या बंजारा समाजाचेच भाईबंद. कागदोपत्री या मुली समर्पित होत्या, खाली अंगठे होते. करार लागू झाल्यानंतरही, २०१० च्या सुमारास, पुण्यातल्या एका संस्थेच्या कारभाराची मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआय चौकशी झाली.

असे का होते? माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर पहिल्या कागदात आहे. हेग करार देशादेशांत आहे. दिल्लीचे प्राधिकरण स्टॉकहोमच्या किंवा रोमच्या प्राधिकरणाला कागद पाठवते आणि ते कागद जुळतात की नाही हे पाहिले जाते. पण मूल टाकलेले आहे, हरवलेले आहे, की आईने चार दिवस ठेवायला दिले आहे, हे कोणा पोलीस ठाण्यात, रुग्णालयाच्या खिडकीवर किंवा संस्थेच्या नोंदवहीत लिहिले जाते. ती नोंद करणारा कारकून हेगपासून फार दूर असतो. त्याने 'आईने आणून दिले' ऐवजी 'बेवारस सापडले' असे लिहिले, तर पुढची सारी यंत्रणा त्या दोन शब्दांवर उभी राहते. बालकल्याण समिती, न्यायालय किंवा जिल्हाधिकारी, कारा, परदेशी प्राधिकरण, दूतावास, सगळ्यांचे शिक्के खरे असतात. आपोआप मान्यतेचे जे कलम मुलाला सुरक्षितता देते, तेच कलम पहिल्या कागदातले खोटे शंभर देशांत खरे करून सोडते.

परदेशांतल्या अलीकडच्या चौकश्यांमध्येही बोट इथेच आले. नेदरलँड्स सरकारने नेमलेल्या समितीने बांगलादेश, ब्राझील, कोलंबिया, इंडोनेशिया आणि श्रीलंका या देशांतून १९६७ ते १९९८ या काळात झालेली दत्तके तपासली. बनावट कागद, मुलांची खरेदी आणि स्वतःच्या अधिकाऱ्यांनी केलेली डोळेझाक, असे निष्कर्ष २०२१ च्या फेब्रुवारीत बाहेर आले. सरकारने दत्तकांची माफी मागितली आणि २०२४ साली परदेशी दत्तक टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरवले. दक्षिण कोरियाच्या सत्य व समेट आयोगाकडे ११ देशांतून ३६७ दत्तकांनी अर्ज केले होते. आईवडील हयात असलेल्या मुलांना कागदोपत्री अनाथ केले गेले, एका मुलाच्या जागी दुसरे पाठवले गेले, असे २०२५ च्या मार्चमध्ये आयोगाने नोंदवले आणि पहिल्या टप्प्यात ५६ जणांच्या मानवी हक्कांचा भंग झाल्याचे मान्य केले. त्याच वर्षी कोरियाने हेग करार स्वीकारला. त्याआधी, सप्टेंबर २०२४ मध्ये, चीनने जवळच्या नात्यातली प्रकरणे वगळता परदेशी दत्तक बंद केल्याचे जाहीर केले.

मग दारच बंद करावे का? मला तसे वाटत नाही. आपल्याकडे निरोगी तान्ह्या बाळासाठी पालकांची मोठी रांग आहे. पण सात वर्षांच्या मुलीला, ऐकू न येणाऱ्या मुलाला, तीन भावंडांना एकत्र घेणारे घर शोधून सापडत नाही. आज भारतातून परदेशी जाणाऱ्यांत अशी मुले बरीच असतात. ती संस्थेतच मोठी व्हावीत, असे म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. दार उघडे ठेवायचे, तर दारावर बसणाऱ्या माणसाने खरे लिहिले पाहिजे, एवढीच अट आहे.

आपल्या नात्यागोत्यातले

हा करार अनाथाश्रमातल्या मुलांपुरता नाही, हे आपल्या पुष्कळ कुटुंबांना फार उशिरा कळते. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेला भाऊ, मूल नाही, म्हणून गावाकडच्या भावाने आपला धाकटा मुलगा द्यायचा ठरवतो. भटजी बोलावतात, दत्तकविधान होते, दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्र नोंदवले जाते. १९५६ च्या कायद्याने हे पूर्ण वैध असू शकते. मग व्हिसासाठी गेल्यावर कळते, की तो देश हे दत्तक मानत नाही, कारण ते हेगच्या वाटेने झालेले नाही. मूल कागदावर परदेशातल्या काकांचे आणि प्रत्यक्षात सातारा जिल्ह्यात, अशी वर्षे जातात. माझ्या दुकानात अशी तीन कुटुंबे आली होती.

करारात मुलाचे आणि पालकांचे नेहमीचे वास्तव्य कुठे आहे, हे पाहतात. दोन वेगवेगळ्या सदस्य देशांत असेल, तर सख्ख्या काकांनाही करार लागू. आपल्या बालन्याय अधिनियमात नात्यातल्या परदेशी दत्तकासाठी वेगळी तरतूद आहे, पण त्यातली 'नातेवाईक' ही व्याख्या आटोपशीर आहे : काका, आत्या, मामा, मावशी, आजीआजोबा. मावसभावाने किंवा चुलतबहिणीने घ्यायचे म्हटले, तर ते या व्याख्येत बसत नाही. १९५६ च्या कायद्याने केलेले दत्तक परदेशी न्यायचे असेल, तर त्यासाठी २०२१ साली नियमांत वाट करून दिली आहे. जिल्हाधिकाऱ्यांची पडताळणी आणि काराचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी ज्या देशात मूल जायचे तिथल्या प्राधिकरणाला विचारावे, मग काराला, आणि मांडव सर्वांत शेवटी.

उलट्या दिशेचेही एक प्रकरण आहे. जन्माने अमेरिकी नागरिक असलेले नात्यातले मूल एका भारतीय जोडप्याला इथे दत्तक घ्यायचे होते. भारतीय नागरिकाला परदेशी मूल दत्तक घेण्याचा मूलभूत हक्क नाही, मूल नात्यातले असले तरीही, असे मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले. आधी अमेरिकेच्या कायद्याने दत्तक पूर्ण करावे, मग मूल इथे आणण्याची पुढची प्रक्रिया करावी, असा त्याचा अर्थ. मामा असो की मावशी, सीमा आली की मायेच्या शब्दाला कागदाची जोड लागते.

परत येणारी माणसे

हेग कराराचे तिसावे कलम लहान आहे. मुलाच्या जन्माची, आईवडिलांची, आजारपणाची जी माहिती असेल ती देशांनी जपून ठेवायची आणि आपल्या कायद्यात बसेल तितकी, योग्य मार्गदर्शनाखाली, मुलाला पाहू द्यायची. भारतात अठरा वर्षांवरील दत्तकाला स्वतः अर्ज करून मूळ शोध घेता येतो. जन्मदात्या आईने ओळख गुप्त ठेवायला सांगितले असेल, तर तिच्या इच्छेलाही मान द्यावा लागतो, आणि ते योग्यच आहे. कुठल्या तरी गावात ती आज सासूबाई, आजी झालेली असेल आणि घरात कोणाला काही ठाऊक नसेल.

पण दाखवायला माहिती तर हवी. आपल्याकडे जुन्या नोंदवह्या वाळवीने खाल्ल्या, पुरात भिजल्या, संस्था बंद पडल्यावर रद्दीत गेल्या. १९७० आणि १९८० च्या दशकांत गेलेली मुले आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांच्या आया सत्तरीपुढे. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत विचारणारे असतील, सांगणारे नसतील. ज्या संस्थांकडे, न्यायालयांच्या अभिलेख कक्षांत, किंवा मयत वकिलांच्या माळ्यावर असे कागद पडून आहेत, ते निदान कोरड्या जागी ठेवावेत, छायाचित्रे काढून ठेवावीत, रद्दीवाल्याला देऊ नयेत. त्याला हेगची परवानगी लागत नाही.

त्या बाईने माझ्याकडून भाषांतराच्या दोन प्रती घेतल्या. पैसे विचारले, मी घेतले नाहीत. जाताना तिने त्या मराठी कागदावरचे 'दिवाळी' हे अक्षर कुठले, ते दाखवायला सांगितले आणि त्याखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढली. आता माझे दुकान बंद आहे. तिच्या कागदाची एक प्रत मात्र मी तिच्या परवानगीने ठेवून घेतली होती, ती अजून आहे. ज्याने कोणी ती शेवटची ओळ नोंदवहीत लिहिली, त्याचे नाव त्यावर नाही. वरच्या साहेबांनी पुढे काय केले, ते त्याच्या हातात नव्हते. बाईने सांगितले तसे त्याने लिहून घेतले, म्हणून तीस वर्षांनी तिच्या मुलीला वाचता आले.